बाबा एक, शब्द तीन

केनिया पर्वताच्या पूर्व-ईशान्य उतारावर मेरू भागात ‘अमेरू’ लोक राहतात आणि ‘किमेरू’ बोलतात. ‘अ’ लावला की माणसं, ‘कि’ लावला की त्यांची भाषा. बांटू कुळातल्या भाषा अशा उपसर्गांवर चालतात. या कुळातल्या नात्यांच्या शब्दांविषयी काही गैरसमज मात्र सहज होतात.

गैरसमज : ‘बाबा’ हा शब्द तिकडेही आहे, म्हणजे तो भारतातूनच गेला असणार.

वस्तुस्थिती : ओठ मिटून उघडले की निघणारे ‘ब’, ‘प’, ‘म’ हे आवाज तान्ह्या बाळालाही जमतात आणि आईवडील ते स्वतःला लावून घेतात. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांचा यावरचा निबंध १९६० साली प्रसिद्ध झाला. नुसत्या उच्चारावर विसंबलं तर फसगत ठरलेली : याच कुळातल्या स्वाहिलीत ‘दादा’ म्हणजे बहीण आणि ‘काका’ म्हणजे भाऊ!

गैरसमज : ‘बाबा’ला माझे, तुझे, त्याचे एवढं जोडलं की काम भागतं.

वस्तुस्थिती : किमेरूची जवळची भाषा गिकुयू. तिच्यात स्वतःचे वडील ‘बाबा’, समोरच्याचे ‘थोगुओ’, तिसऱ्याचे ‘इथे’. वडील कोणाचे, हे शब्दातच कळतं. हजारो किलोमीटर दक्षिणेला झुलू भाषेतही हीच तऱ्हा : ‘उबाबा’, ‘उयिह्लो’, ‘उयिसे’.

गैरसमज : काकालाही बाबाच म्हणतात, म्हणजे नात्यांत नेमकेपणा नाही.

वस्तुस्थिती : उलट, मांडणी काटेकोर आहे. स्वाहिलीत वडिलांचा थोरला भाऊ ‘बाबा म्कुब्वा’, म्हणजे मोठे बाबा, आणि धाकटा ‘बाबा म्डोगो’, म्हणजे छोटे बाबा. मावश्याही तशाच मोठी आई, छोटी आई. मामा मात्र ‘म्जोम्बा’ आणि आत्या ‘शांगाझी’. वडिलांचा भाऊ वडिलांच्या पंक्तीला, आईची बहीण आईच्या. पण भावंडांत एक स्त्री आणि एक पुरुष असेल तर शब्द वेगळा. झुलूत आत्येसाठी ‘बाबा’लाच स्त्रीवाचक प्रत्यय लागून ‘उबाबेकाझी’ होतं आणि मामा ‘उमालुमे’, म्हणजे जणू पुरुष-आई. मामा-भाच्याच्या या नात्यावर रॅडक्लिफ-ब्राऊन या मानववंशशास्त्रज्ञाने १९२४ साली गाजलेला लेख लिहिला.

गैरसमज : एका नातेवाइकाला घरातले सगळे एकाच शब्दाने ओळखतात.

वस्तुस्थिती : बोलणारा कोण, यावरही शब्द ठरतो. स्वाहिलीत नणंद भावजयीला ‘विफी’ म्हणते आणि भावजयही नणंदेला ‘विफी’च. हा बायकांचा आपसातला शब्द. त्याच भावजयीला तिचा दीर ‘शेमेजी’ म्हणतो.