प्रवासचित्रें उजळावीं, पण बदलूं नयेत

पेशवाईंतील सरदार पिलाजी जाधवराव यांच्या वाघोलीस वाघेश्वराच्या दर्शनाला कुटुंब जातें. देवळाच्या सावलींत सर्व मंडळी उभी राहते. घरीं येऊन पाहावें तों मागचें आकाश पांढरेंफटक आणि आजीबाईंचा चेहरा काळवंडलेला! असें छायाचित्र टाकून देऊं नये.

गूगलचें ‘स्नॅपसीड’ हें मोबाईलवरील विनामूल्य साधन नवशिक्यास पुरेसें आहे. प्रथम कललेलें चित्र सरळ करून कडेचा निरर्थक भाग कापावा. मग ‘शॅडोज’ वाढवून चेहरे उजळावे व ‘हायलाइट्स’ कमी करून भगभगीत भाग सौम्य करावा. अगदीं पांढरें झालेलें आकाश मात्र परत मिळत नाहीं. म्हणून पुढील खेपेस चित्र घेण्यापूर्वींच पडद्यावरील उजळ भागास बोट लावून प्रकाश बेतावा. चेहरे मागाहून उजळतां येतात.

रंगांचा अतिरेक टाळावा; कांति नारिंगी दिसूं लागली, कीं थांबावें. विजेची तार पुसली तर बिघडत नाहीं. पण कडेला अर्धवट आलेल्या काकूंना पुसूं नये. मूळ चित्र निराळें जपावें. पुढें नातवंडें तें पाहतील, तेव्हां आकाश किती निळें होतें हें विचारणार नाहींत. त्या दिवशीं बरोबर कोण कोण होतें, हेंच विचारतील.