पिल्लू आलंय? फिरायला न्यायची घाई नको!

पिल्लू घरी आलं की तासाभरात ग्रुपवर फोटो पडतो, नावावरून भांडणं होतात आणि संध्याकाळी कुणीतरी म्हणतंच, ‘चल, याला खाली फिरवून आणू.’ इथंच जरा थांबा. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लासाठी सोसायटीचं गेट काय किंवा टेकडी काय, दिसते तितकी साधी जागा नसते.

कारण पार्वो! या विषाणूमुळे पिल्लाला उलट्या, रक्ताचे जुलाब होतात, अंगातलं पाणी कमी होतं आणि उपचारांना उशीर झाला तर दोन-तीन दिवसांत खेळ संपू शकतो. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून आलेला हा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. म्हणजे रस्त्यावर एकही कुत्रा नसला तरी धोका आहेच. तो आपल्या चपलांबरोबर घरातही येतो, त्यामुळे चपला दाराबाहेरच बऱ्या.

पार्वो, डिस्टेंपर वगैरेंच्या एकत्रित लशीचा पहिला डोस 6 ते 8 आठवड्यांचं असताना देतात. मग पिल्लू 16 आठवड्यांचं होईपर्यंत दर 3-4 आठवड्यांनी बूस्टर. ‘एवढे डोस कशाला?’ तर आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती लशीचा परिणाम रोखते आणि ती कधी ओसरेल, हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून मधला डोस बुडवायचा नाही. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी. जंतांचं औषधही डॉक्टरांना विचारून वेळेवर द्या.

शेवटच्या डोसनंतर एक-दोन आठवडे गेले, की मग खुशाल फिरा. पण पावसाळ्यात साचलेल्या पाण्यापासून लांबच! त्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असेल तर लेप्टो होतो, आणि तो माणसांनाही होतो. फिरून आल्यावर कान, बोटांच्या बेचक्या तपासा. गोचीड तिथेच लपतात. मोठ्या कुत्र्याचं गोचिडीचं औषध पिल्लाला अंदाजानं लावू नका.

मग तोवर त्याला कोंडून ठेवायचं का? अजिबात नाही. साधारण 3 ते 14 आठवड्यांच्या वयात पिल्लू जगाची ओळख करून घेतं. तेव्हा काहीच पाहिलं नाही तर पुढे ते हॉर्नला, अनोळखी माणसांना बिचकतं. त्याला कडेवर घ्या. गॅलरीतून रस्ता दाखवा, रिक्षातून चक्कर मारा, कुकरच्या शिट्ट्या ऐकू द्या. मित्राचा लस घेतलेला, धडधाकट कुत्रा घरी बोलवा. फक्त जमिनीवर सोडू नका.

आणि हो, खेळताना दात लागून रक्त आलं तर ‘छोटंसंच तर आहे’ म्हणून सोडू नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं.

फ्लॅटवर चौघांत मिळून पिल्लू आणणार असाल, तर नावाआधी एक गोष्ट ठरवा : लशीचं कार्ड कुणाकडे आणि पुढची तारीख कोण लक्षात ठेवणार?