प्लेस्टेशन पोराचं, पण चावी आई-बापाकडं हवी

मोताळा (प्रतिनिधी) : पुणे, सुरत, नाशिककडे कामाला गेलेली माणसं दिवाळीला गावी येतात, तेव्हा आता मिठाईसोबत एखादं जुनं प्लेस्टेशनही येतं. मामाच्या पोरानं नवीन घेतलं, जुनं भाच्याला दिलं. टीव्हीला तार जोडली, बापाच्या मोबाइलचं हॉटस्पॉट चालू केलं की खेळ सुरू. लेकरू घरात बसलं, उन्हातान्हात फिरत नाही, म्हणून आईही खूश.

इथपर्यंत काहीच वाईट नाही. अडचण पुढं आहे. मशीन चालू करताना ईमेल, पासवर्ड, जन्मतारीख विचारली जाते. हे कोण भरतं? पोरगंच. बापाचं गुगल खातं त्यानंच काढलेलं, पैसे पाठवायचं अ‍ॅप त्यानंच चालू करून दिलेलं, पिनही त्यालाच पाठ. म्हणजे घर आपलं आणि चावी पोराच्या खिशात.

याचं काय होऊ शकतं ते ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईत दिसलं. जोगेश्वरीच्या १६ वर्षांच्या मुलानं पबजी गेममध्ये आईच्या खात्यातले सुमारे १० लाख रुपये घालवले. आई-वडील रागावले, तर चिठ्ठी लिहून पोरगं घरातून निघून गेलं. पोलिसांनी शोधाशोध केली आणि तो अंधेरीच्या महाकाली लेणी परिसरात सापडला. पोरगं सुखरूप मिळालं हे नशीब. आपल्याकडं कापसाचे, सोयाबीनचे, मक्याचे पैसे ज्या खात्यात येतात तेच खातं बहुतेक घरांत मोबाइलला जोडलेलं असतं. त्यामुळं हा विषय शहरातला म्हणून सोडून देता येत नाही.

आधी पैशाला कुलूप लावा

१. यूपीआयचा पिन आज बदला आणि नवीन पिन कोणालाच सांगू नका. पिन टाकताना पोरगं शेजारी नको.

२. अ‍ॅपमध्ये ‘यूपीआय लाइट’ चालू आहे का बघा. त्यात छोट्या रकमेला पिन लागत नाही. फोन पोराच्या हातात जात असेल तर ते बंद ठेवा.

३. ‘ऑटोपे’ची यादी बघा. एकदा मंजुरी दिली की दर महिन्याला पैसे आपोआप कटतात. ओळखीचं नाव नसेल तर ते रद्द करा.

४. जमत असेल तर पिकाच्या पैशाचं खातं वेगळं ठेवा आणि यूपीआयला हजार-दोन हजारांचं दुसरं खातं जोडा.

५. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायची सोय आहे, ती चालू करा. मात्र फोनमध्ये पोराचंही बोट नोंदवलेलं असेल तर ते आधी काढून टाका.

आता प्लेस्टेशनकडं या

पहिलं काम, तुमचं स्वतःचं खातं काढा. ते ‘फॅमिली मॅनेजर’चं खातं, म्हणजे घरच्या कर्त्याचं. त्याखाली मुलाचं खातं खऱ्या जन्मतारखेनं काढा. पोरं वय वाढवून टाकतात, आणि मोठ्या माणसाच्या खात्यावर ही बंधनं लागतच नाहीत. तसं खातं आधीच असेल तर मुलाला नवीन काढून द्या.

मग पीएस-४ मध्ये ‘सेटिंग्ज’मधून ‘पॅरेंटल कंट्रोल्स / फॅमिली मॅनेजमेंट’मध्ये जा. पीएस-५ मध्ये त्याच जागी ‘फॅमिली अँड पॅरेंटल कंट्रोल्स’ आहे. तिथं चार गोष्टी करायच्या.

कोड बदला : मशीनचा चार आकडी कोड कंपनीकडून ०००० असाच येतो. माझ्याच घरी मी सगळी बंधनं लावली आणि कोड बदलायचा विसरलो. आठ दिवसांत पोरानं चार वेळा शून्य दाबून सगळं उघडलं. जन्मसाल किंवा गाडीचा नंबर कोड म्हणून ठेवू नका, ते त्याला पाठ असतात.

नवीन युजर बंद करा : ‘युजर क्रिएशन अँड गेस्ट लॉगिन’ला परवानगी नाकारा. नाहीतर पोरगं दुसरं नाव टाकून पाहुणा म्हणून आत शिरतं, आणि तुमची बंधनं जुन्याच नावावर राहतात.

वेळ ठरवा : ‘प्लेटाइम’मध्ये रोजचा वेळ ठरवता येतो. वेळ संपल्यावर काय करायचं, हेही तिथं विचारतात. ‘नोटिफाय ओन्ली’ ठेवलं तर फक्त सूचना येते आणि खेळ चालूच राहतो. म्हणून ‘लॉग आउट’ निवडा. कंपनीनं २०२५ मध्ये ‘प्लेस्टेशन फॅमिली’ हे मोबाइल अ‍ॅपही आणलं. शेतात असतानाही त्यावरून वेळ कमी-जास्त करता येतो.

खर्च आणि गप्पा : मुलाच्या खात्याची महिन्याची खर्चमर्यादा शून्य ठेवा. अनोळखी माणसांशी बोलणं, मेसेज करणं बंद ठेवा.

गेमच्या डबीवर कोपऱ्यात ३, ७, १२, १६, १८ असा आकडा असतो. तो वयाचा आहे. जीटीए-५ वर १८ लिहिलेलं असतं आणि आपल्याकडं सहावी-सातवीतली पोरं ती खेळतात. मशीनमध्ये वयाची पातळी ठरवली की त्यावरच्या गेम चालत नाहीत.

एक्सबॉक्स असेल तर ‘एक्सबॉक्स फॅमिली सेटिंग्ज’ अ‍ॅपमधून अशीच कामं होतात. टीव्हीमागं लावायची स्वस्तातली गेम स्टिक असेल तर त्यात बहुधा अशी सोय नसते. तिथं घड्याळ बघायचं आणि वेळ झाली की रिमोट कपाटात ठेवायचा, हाच उपाय.

मोबाइलवरच खेळत असेल तर

गुगलचं ‘फॅमिली लिंक’ अ‍ॅप फुकट आहे. मुलाच्या फोनला वेळ लावणं, रात्री फोन बंद ठेवणं, नवीन अ‍ॅपला तुमची परवानगी लागणं, हे त्यातून होतं.

गेमवाली कंपनी मर्यादा घालते, यावर विसंबून राहू नका. बीजीएमआय हा गेम २०२१ मध्ये आला तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तास खेळ आणि ७,००० रुपये खर्च अशी मर्यादा होती. एका दिवसाला सात हजार! आपल्या घराला ही मर्यादा काय कामाची? तीही पोरानं खरं वय सांगितलं तरच.

अजून एक गैरसमज आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, म्हणून आता धोका नाही असं काहींना वाटतं. कायदा पैसे लावून जिंकायच्या खेळांसाठी आहे. गेममधली बंदूक, कपडे, नाणी विकत घेणं यात अडवलेलं नाही.

पैसे गेलेच तर

प्ले स्टोअरवरून चुकून खरेदी झाली असेल तर ४८ तासांच्या आत गुगलकडं परताव्याची विनंती करा. गेममध्ये ‘फुकट नाणी देतो’ म्हणून कोणी लिंक पाठवून फसवलं असेल तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हाती लागणं अवघड. पोरगं खेळ सोडतच नसेल, झोप-जेवण-शाळा सुटली असेल, तर १४४१६ या ‘टेली मानस’ क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेनं खेळाचं असं व्यसन आजारांच्या यादीत घेतलं आहे.

शेवटचं, पण महत्त्वाचं

हे सगळं पोराच्या माघारी करू नका. त्याला शेजारी बसवा. किती वेळ, कोणते दिवस, परीक्षेच्या दिवसांत काय, ते त्याच्यासमोर ठरवा. सेटिंग इंग्रजीत आहे म्हणून वाचायला त्याचीच मदत घ्या, फक्त कोड टाकताना त्याला बाहेर पाठवा. आणि ठरलेला वेळ त्याला हक्कानं खेळू द्या, मध्येच दुकानात पिटाळू नका.

जोगेश्वरीचं पोरगं आई-बाप रागावल्यावर घरातून गेलं होतं. तोवर पैसे गेलेले होते. दिवाळीत मशीन घरी आलं, त्याच दिवशी अर्धा तास काढून हे काम उरका, म्हणजे नंतर रागवायची वेळ येणार नाही.