दीड मिलिलिटरची आंघोळ

दीड मिलिलिटर पाणी म्हणजे चहाच्या चमच्याचा जेमतेम तिसरा हिस्सा, तीसेक थेंब. किलोभर वजनाच्या बाळाच्या ओल्या अंगावरून एवढं पाणी वाळलं आणि त्यासाठी लागणारी सगळी उष्णता बाळाच्याच शरीरातून गेली, तर त्याचं तापमान एका अंश सेल्सिअसने उतरतं. हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. त्वचेवरच्या एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 580 कॅलरी उष्णता खर्ची पडते आणि किलोभराचं शरीर एका अंशाने गार व्हायला 830 कॅलरी गेल्या की पुरतं. साठ किलोच्या माणसाला तेवढंच गार व्हायला 86 मिलिलिटर पाणी वाळावं लागेल.

हे दीड मिलिलिटर बाळाच्या अंगभर सारखं पसरलं तर? किलोभराच्या बाळाची त्वचा साधारण हजार चौरस सेंटिमीटर भरते. त्यावर पाण्याचा थर होईल मिलिमीटरच्या सत्तराव्या भागाएवढा. बघणाऱ्याला अंग नुसतं दमट वाटेल. नवजात अतिदक्षता विभागातल्या (एनआयसीयू) सिस्टर कानामागची, मानेतली, काखेतली प्रत्येक घडी टिपून कोरडी करतात, ती उगाच नव्हे.

प्रत्यक्षात बाळ थोडी उष्णता स्वतः तयार करतं, इन्क्युबेटरच्या पेटीतली ऊबही मिळते. पण त्याला कुडकुडता येत नाही आणि ऊब देणारी तपकिरी चरबी गर्भात मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत साठते. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला ती फारच थोडी येते. त्वचेचंही तेच. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या त्वचेचा सर्वांत वरचा थर दहा ते वीस पदरांचा असतो, तिसाव्या आठवड्यात तो दोन-तीन पदरांचा, आणि चोविसाव्यात जवळजवळ नसतोच.

एका अंशाने एवढं काय बिघडतं? 1958 मध्ये न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ विल्यम सिल्व्हरमन यांनी पेटीचं तापमान तीन अंशांपेक्षाही कमी वाढवलं आणि जगणाऱ्या बाळांचं प्रमाण सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढलं. 2007 मध्ये अमेरिकेतल्या 5,277 अतिकमी वजनाच्या बाळांच्या नोंदी तपासल्या गेल्या. दाखल होतानाचं तापमान एकेका अंशाने कमी, तशी मृत्यूची शक्यता 28 टक्क्यांनी जास्त. या आकड्यांचा आंघोळीशी थेट संबंध नाही, पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आयुष्यात एक अंश केवढा मोठा असतो ते त्यांतून कळतं.

साबणाचा आकडा तर आणखी चक्रावणारा. त्वचेचा सामू (पीएच) साडेपाचच्या आसपास, साध्या साबणाचा साडेनऊच्या. फरक चारचाच दिसतो, पण सामूचं माप दहापटींनी चढतं. म्हणजे साबण त्वचेपेक्षा दहा हजार पटींनी अधिक अल्कधर्मी. म्हणूनच बत्तीस आठवड्यांआधी जन्मलेल्यांना पहिला आठवडा फक्त कोमट पाणी वापरतात, साबण नाही.

बाळ स्थिर झालं की गुंडाळून आंघोळ घालता येते, आणि मला ही पद्धत फार आवडते. बाळाला मऊ कापडात लपेटून तसंच खांद्यापर्यंत पाण्यात सोडतात. पाणी 38 ते 40 अंश, तेही हाताच्या अंदाजाने नव्हे, थर्मामीटरने मोजून. खोली 26-27 अंशांवर. मग एक हात उघडायचा, धुवायचा, पुन्हा झाकायचा. नंतर दुसरा, मग पाय. उघडं अंग एका वेळी वीतभरसुद्धा नसतं. हात-पाय कापडात एकवटलेले राहिल्याने बाळ दचकत नाही, रडण्यात शक्ती घालवत नाही. सगळं काही मिनिटांत उरकायचं, कोरडं करायचं, टोपी घालायची.

रोज मात्र नाही. चार दिवसांतून एकदा आंघोळ घातली तरी त्वचेवरचे जंतू वाढत नाहीत, असं 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. पूर्ण दिवसांच्या धडधाकट बाळाची पहिली आंघोळसुद्धा चोवीस तास लांबवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आपल्याकडे तेल-डाळीचं पीठ घेऊन, बाळाला पायांवर आडवं घालून कढत पाण्याने न्हाऊ घालण्यात आजीची सगळी माया असते. पेटीतल्या नातवंडाला कुणी न्हाऊ का घातलं नाही, या प्रश्नाने तिचा जीव तुटतो. तिला थर्मामीटरचा आकडा दाखवावा, दीड मिलिलिटरचा हिशेब सांगावा. 2020 मध्ये भारतात सुमारे तीस लाख बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मली, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. त्यांतल्या कितीतरी घरांत आजीचा हा प्रश्न विचारला गेला असणार.