दरमहा १२,८४५ रुपयांचा प्रश्न

४,९९५ रुपये आणि १७,८४० रुपये. मुलगा तोच, शाखा तीच, पदवीही तीच; कॉलेज तेवढं वेगळं. पहिला आकडा सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज घेतलं तर येणारा शैक्षणिक कर्जाचा मासिक हप्ता, दुसरा शहरातलं खासगी कॉलेज घेतलं तर येणारा. फरक महिन्याला १२,८४५ रुपयांचा, आणि तो दहा वर्षं चालणारा.

बारावीचा निकाल आणि सीईटीचे पर्सेंटाइल लागले की घराघरांत कटऑफची चर्चा सुरू होते. कॅम्पस कसा आहे, कोणत्या कंपन्या येतात, गेल्या वर्षीचं सर्वांत मोठं पॅकेज किती, हे सगळं विचारलं जातं. हप्ता किती बसेल हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा प्रवेश पक्का झाल्यावर, बँकेच्या टेबलापुढे बसल्यावर समोर येतो. तेव्हा उशीर झालेला असतो. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) २०२५-२६च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं. म्हणजे खरा निर्णय पसंतीक्रम भरतानाच होतो, आणि कर्जाचं गणितही त्याआधीच व्हायला हवं.

दोन कॉलेजं, एक तक्ता

खालचे आकडे गृहीत धरलेले आहेत. त्यांच्या जागी आपापल्या कॉलेजांचे आकडे घालायचे. रीत तीच राहते. 'अ' हे सरकारी कॉलेज, 'ब' हे खासगी. घरातून दरवर्षी एक लाख रुपये निघू शकतात, बाकीचं कर्ज. व्याजदर १० टक्के, फेड १० वर्षांची.

| बाब | कॉलेज अ | कॉलेज ब |
|---|---|---|
| वर्षाची फी | ९०,००० | २,१०,००० |
| राहणं, मेस, पुस्तकं, प्रवास | ८०,००० | १,४०,००० |
| वर्षाचा एकूण खर्च | १,७०,००० | ३,५०,००० |
| घरातून | १,००,००० | १,००,००० |
| चार वर्षांचं कर्ज | २,८०,००० | १०,००,००० |
| हप्ता सुरू होईपर्यंतचं व्याज | ९८,००० | ३,५०,००० |
| हप्ता सुरू होताना देणं | ३,७८,००० | १३,५०,००० |
| मासिक हप्ता | ४,९९५ | १७,८४० |
| दहा वर्षांत एकूण फेड | ५,९९,४०० | २१,४०,८०० |

या तक्त्यातल्या दोन गोष्टी नीट पाहाव्यात. पहिली: 'ब'चा खर्च 'अ'च्या दुप्पट आहे, पण कर्ज साडेतीनपट आहे. घरातून निघणारे पैसे दोन्हीकडे सारखेच, एक लाख. त्यामुळे वाढलेला प्रत्येक रुपया थेट कर्जात जातो. दुसरी: चार वर्षांच्या फीतला फरक ४ लाख ८० हजारांचा दिसतो, पण शेवटी खिशातून जाणाऱ्या फेडीतला फरक १५ लाख ४१ हजारांचा होतो. राहण्याखाण्याचा खर्च आणि व्याज धरलं की फीचा फरक तिपटीहून मोठा होऊन समोर येतो. फक्त फी पाहून तुलना करणाऱ्या पालकांची फसगत इथेच होते.

वरच्या हिशेबात महागाई धरलेली नाही. 'ब'च्या शहरातला राहण्याखाण्याचा खर्च दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढला, तर चार वर्षांत आणखी ४३ हजारांहून अधिक लागतात.

शिकतानाही व्याज चालूच

शैक्षणिक कर्जाचा हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एक वर्षाने सुरू होतो. तोवर काही भरावं लागत नाही, म्हणून व्याजही लागत नाही असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. पहिल्या वर्षी उचललेल्या रकमेवर पाच वर्षांचं, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर चार वर्षांचं, मग तीन आणि दोन वर्षांचं साधं व्याज चढत जातं. 'ब'च्या बाबतीत ते साडेतीन लाख होतं आणि फेड सुरू होताना मुद्दलात मिसळलं जातं.

शिकत असतानाच व्याज भरत गेलं तर हा बोजा टळतो. अनेक बँका त्याबद्दल व्याजदरात एक टक्क्याची सवलतही देतात. 'अ'साठी हे जमण्यासारखं आहे: पहिल्या वर्षी महिन्याला ५८३ रुपये, चौथ्या वर्षी २,३३३. तसं केलं तर पुढचा हप्ता ३,७०० रुपयांवर येतो. 'ब'साठी चौथ्या वर्षी महिन्याला ८,३३३ रुपये भरावे लागतील, आणि तेही घरातून लाख रुपये देऊन झाल्यावर. जे घर आधीच ओढाताणीत आहे, त्याला ते झेपणारं नाही.

हप्ता जड वाटला की मुदत पंधरा वर्षांची करून घेण्याचा सल्ला मिळतो. 'ब'चा हप्ता त्याने १४,५०७ रुपयांवर येतो खरा, पण एकूण फेड २६ लाख ११ हजारांवर जाते. महिन्याला ३,३३३ रुपयांच्या दिलाशासाठी सुमारे ४ लाख ७० हजार जास्त मोजावे लागतात.

साडेसात लाखांची रेघ

बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सहसा तारण लागत नाही. त्यापुढे घर, मुदत ठेव किंवा तत्सम काही गहाण ठेवावं लागू शकतं. 'अ'चं कर्ज या रेघेच्या खूप आत आहे, 'ब'चं रेघ ओलांडून पुढे गेलेलं आहे. आई किंवा वडील सहकर्जदार असतातच. हप्ते थकले तर मुलाबरोबर त्यांचीही पत खालावते आणि पुढे घरासाठी किंवा धंद्यासाठी कर्ज मागायला गेल्यावर ती नोंद आडवी येते. कर्ज मुलाच्या नावावर दिसलं, तरी जोखीम घराची असते.

हप्ता पगारापुढे ठेवून पाहा

आयटी सेवा कंपन्यांमध्ये नवख्या इंजिनिअरांना मोठ्या संख्येने मिळणारं पॅकेज कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच राहिलं आहे. कपाती जाऊन हातात साधारण २५ हजार येतात असं धरू. त्यातून 'अ'चा हप्ता गेला तर पगाराचे २० टक्के गेले. 'ब'चा गेला तर ७१ टक्के गेले; उरले ७,१६०. एवढ्यात पुण्यात कॉट बेसिसवर राहून डबा लावणंही कठीण.

हातात ४० हजार येत असतील तर 'ब'चा हप्ता ४५ टक्के खातो, ६० हजार येत असतील तर ३० टक्के. हप्ता हातातल्या पगाराच्या चौथाईत बसावा असं मी मानतो, कारण उरलेल्या तीन हिश्श्यांत भाडं, जेवण, प्रवास, घरी पाठवायचे पैसे आणि अडीअडचण भागवायची असते. या मापाने 'अ'साठी हातात २० हजार पुरतात. 'ब'साठी ७१ हजार लागतात, आणि तेही पहिल्याच नोकरीत.

करात सूट मिळेल, हा युक्तिवादही तपासून घ्यावा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही. साडेतीन-चार लाखांवर काम करणाऱ्या मुलाला मुळात करच नसतो, तर सूट कशातून मिळणार?

प्लेसमेंटचा कोणता आकडा विचारायचा?

'ब'कडे पाठवणाऱ्यांचा मुद्दा एकच असतो: तिथली प्लेसमेंट चांगली आहे. मुद्दा रास्त आहे, पण तो मोजता येतो. 'अ'मधून निघालेल्या मुलापेक्षा 'ब'मधल्या मुलाच्या हातात महिन्याला १२,८४५ रुपयांहून अधिक पडत असतील, तरच हिशेब बरोबरीत येतो. पॅकेजच्या भाषेत हा फरक वर्षाला पावणेदोन ते दोन लाखांचा.

तो फरक फलकावरच्या सर्वाधिक पॅकेजवरून कळत नाही, कारण ते एका मुलाचं असतं. सरासरीही फसवी असते. चार मोठी पॅकेजं तिला वर ओढतात. पाहायचा तो मध्यक, म्हणजे नोकरी लागलेल्यांपैकी अर्धे ज्याच्या वर आणि अर्धे ज्याच्या खाली असतात तो पगार. एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणारी कॉलेजं वेळेत पदवी घेतलेले विद्यार्थी, नोकरी लागलेले, उच्च शिक्षणाला गेलेले आणि पगाराचा मध्यक ही माहिती देतात आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते.

ती वाचायची कशी? समजा ३०० मुलांनी प्रवेश घेतला, २१० जण वेळेत पदवीधर झाले, १५० जणांना नोकरी लागली आणि मध्यक साडेचार लाख आहे. म्हणजे साडेचार लाख किंवा अधिक मिळवणारे ७५. प्रवेश घेतलेल्या चौघांपैकी एक. आपला मुलगा तो चौथा असेल असं धरून कर्ज काढायचं का, हे मग शांतपणे ठरवता येतं. शिवाय आकडा आपल्या शाखेचा मागावा. कॉम्प्युटरचा आकडा सिव्हिलच्या मुलाच्या उपयोगाचा नाही.

सवलत लागू झाली की उत्तर बदलतं

आता याच दोन कॉलेजांत मुलाऐवजी मुलगी जाते असं धरा. महाराष्ट्र सरकारच्या जुलै २०२४च्या निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. 'अ'च्या फीत ७० हजार आणि 'ब'च्या फीत १ लाख ८५ हजार शिक्षण शुल्काचे असतील, तर 'अ'मध्ये तिला कर्जच लागत नाही. 'ब'मध्ये चार वर्षांत २ लाख ६० हजार लागतात आणि हप्ता ४,६३८ रुपयांचा बसतो. १२,८४५ रुपयांचा फरक ४,६३८ वर आला. तिच्यासाठी 'ब'चा विचार नक्कीच करता येईल.

मात्र ही माफी केंद्रीय प्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशालाच आहे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था पातळीवर जागा घेतली की ती जाते. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्काच्या निम्म्या रकमेची सवलत आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेली पीएम विद्यालक्ष्मी योजनाही पाहावी. निवडक संस्थांत (सुरुवातीला ८६०) गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामिनाशिवाय कर्ज मिळतं. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ता सुरू होईपर्यंत, ३ टक्के व्याज सवलत आहे. लाभार्थ्यांची संख्या मात्र वर्षाला एक लाख इतकीच आहे. 'ब' त्या यादीत असेल आणि सवलत मिळाली, तर १ लाख ५ हजार रुपये वाचतात आणि तारणाचा प्रश्नही मिटतो. यादीत नसेल तर वरचा तक्ता जसाच्या तसा लागू होतो.

मग महाग कॉलेज घ्यावं कधी?

तीनपैकी किमान दोन गोष्टी खऱ्या असतील तेव्हा. आपल्या शाखेचा मध्यक 'अ'पेक्षा दोन लाखांनी तरी जास्त असावा. सवलती धरून कर्ज साडेसात लाखांच्या आत राहावं. आणि मध्यकाएवढा पगार मिळाला तर हप्ता त्याच्या चौथाईत बसावा. यांपैकी एकच खरी असेल तर मुलाला 'अ'मध्येच घाला आणि वाचलेल्या पैशांतून चांगला लॅपटॉप, एखादी बाहेरगावची इंटर्नशिप, उच्च शिक्षणाच्या परीक्षेची तयारी असं काही करा. कर्ज कमी असलेल्या मुलाला मनासारख्या नोकरीसाठी सहा महिने थांबता येतं. १७,८४० रुपयांचा हप्ता डोक्यावर असलेल्याला मिळेल ती नोकरी धरावी लागते.

पालकांना आणि मुलांनाही एक कळकळीची विनंती. पसंतीक्रम भरायला बसाल तेव्हा प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे तीन आकडे लिहा: सवलती वजा जाऊन चार वर्षांचं कर्ज, दहा वर्षांचा मासिक हप्ता आणि शाखेचा मध्यक पगार. खासगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर सापडते, हप्ता कोणत्याही बँकेच्या गणकयंत्रावर निघतो. तासाभराचं काम आहे. ते झाल्याशिवाय पसंतीक्रमावर शिक्कामोर्तब करू नका.