मजुरीत मेजवानी, भिंतीवर लापशी

दक्षिण चिलीतल्या चिलोए बेटावर कुणी 'आम्ही घर हलवतोय' म्हणालं, तर टेम्पो कितीला ठरला असं विचारू नका. तिथे सामान नाही, घरच हलतं. दारं-खिडक्या आणि चूल काढून ठेवायची, लाकडी घराखाली ओंडके सारायचे, पुढे बैलजोड्या जुंपायच्या आणि अख्खं घर ओढत न्यायचं. नवी जागा पलीकडच्या बेटावर असली तरी अडत नाही. भरती आली की घर पाण्यात लोटतात आणि होड्यांनी ओढत नेतात.

बैल शेजाऱ्यांचे, होड्या शेजाऱ्यांच्या, दोरखंडही शेजाऱ्यांचेच. मजुरीचं काय? जेवण. खड्ड्यात तापवलेल्या दगडांवर शिंपले, मांस, बटाटे रचायचे आणि वर मोठाली पानं झाकून वाफवायचं. याला म्हणतात 'कुरांतो'. रायगडातल्या पोपटीचा लांबचा भाऊच. या सगळ्या खटाटोपाचं तिथलं नाव 'मिंगा'. आपल्याकडच्या शेतातली इर्जिक याच जातीची: गावाने मिळून एकाच्या रानात राबायचं आणि त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. फिलिपिन्समध्ये तर बैलही लागत नाहीत. घराखाली बांबू घालून शेजारी ते खांद्यावर घेतात आणि पालखीसारखं नेऊन ठेवतात. शेवटी पंगत तिथेही आहेच.

लाकडी सांगाड्याची घरं जिथे जिथे स्वस्तात उभी राहिली, तिथल्या हकिगती चाळल्या की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पैसा लाकडात फारसा वाचत नाही, वाचतो तो हातांत. गावातले हात कसे मिळवले आणि त्यांना काय दिलं, त्यावर सगळं बजेट ठरतं.

खिळ्यांसाठी घर जाळणारे लोक

सतराव्या शतकातल्या व्हर्जिनियात जंगल अफाट होतं, लाकडाला तोटा नव्हता. तोटा होता खिळ्यांचा. लोहार एकेक खिळा हाताने घडवणार, त्यामुळे खिळे महाग. मग लोक जागा सोडताना जुनं घर जाळायचे आणि राखेतून खिळे वेचून बरोबर न्यायचे! शेवटी १६४५ मध्ये तिथे कायदा करावा लागला की घरं जाळू नका. घरात किती खिळे लागले असतील याचा अंदाज दोन तटस्थ माणसांनी करायचा आणि तेवढे खिळे मालकाला मोजून द्यायचे. भरपाई रोख नाही, खिळ्यांत. इतकी व्यवहारी तरतूद कायद्याच्या पुस्तकात क्वचितच सापडते.

फुग्याचं घर

पुढे यंत्राने खिळे पाडायला सुरुवात झाली आणि भाव कोसळले. त्याचा खरा फायदा उठवला १८३० च्या दशकातल्या शिकागोने. शहर झपाट्याने वाढत होतं, पण खाचा-कुसवांचे भारी सांधे करू शकणारे कसलेले सुतार मिळत नव्हते. तोडगा निघाला तो असा: जाडजूड खांब-तुळया सोडा, बारीक पट्ट्या जवळजवळ उभ्या करा आणि खिळे ठोकत सुटा. दोन-चार माणसं पुरतात आणि त्यातला एकही नामांकित सुतार नसला तरी चालतं. या तकलादू दिसणाऱ्या पद्धतीला नाव पडलं 'बलून फ्रेम', म्हणजे फुग्याचा सांगाडा. ते थट्टेनेच पडलं असं मानतात. पण आज अमेरिकेतली बहुतेक घरं याच वंशातली आहेत.

मुलाकडे न्यू जर्सीला गेलेल्या आईबाबांना याचा प्रत्यय कॅलेंडर टांगताना येतो. भिंतीवर टकटक केली की पोकळ आवाज! भिंत म्हणजे जिप्समचा पत्रा, आणि आत साधारण दर १६ इंचांवर एक उभं लाकूड. खिळा तिथेच धरतो. ते लाकूड नेमकं कुठे आहे हे शोधणारं छोटं उपकरण दुकानात मिळतं. आणखी गंमत अशी की या लाकडाला सगळे 'टू बाय फोर' म्हणतात, पण प्रत्यक्षात ते दीड बाय साडेतीन इंच भरतं. तासून-सुकवून उरतं तेवढं. दुकानदार फसवत नाही, मापच तसं ठरलेलं आहे.

घर आलं मालगाडीने

सिअर्स ही शिकागोची कंपनी कॅटलॉगमधून शिलाई मशीन विकायची, घड्याळं विकायची. १९०८ पासून तिने घरंही विकली. चित्र पाहून घर निवडायचं, पैसे पाठवायचे आणि स्टेशनावर जाऊन मालडब्यातून घर उतरवून घ्यायचं. सुमारे ३०,००० सुटे भाग, साडेसातशे पौंड खिळे आणि सोबत बांधणीची पुस्तिका. लाकडं बेतून आलेली, त्यामुळे घरमालक, मेहुणा आणि गावातला एखादा सुतार मिळून काम उरकत. १९४० पर्यंत अशी ७० हजारांच्या आसपास घरं विकली गेली. महामंदीत मात्र कंपनीची पंचाईत झाली. घरासाठी कर्जही तिनेच दिलं होतं, आणि हप्ते थकले तेव्हा आपल्याच गिऱ्हाइकांच्या घरांवर जप्ती आणायची पाळी आली.

अलादीन ही तिची स्पर्धक जास्त मिश्कील होती. आमच्या फळ्यांत लाकडाची गाठ दाखवा आणि दर गाठीमागे एक डॉलर न्या, अशी तिची जाहिरातच होती.

एका दिवसात? जरा थांबा

पेनसिल्व्हेनियातले अमिश लोक एका दिवसात धान्याचं अवाढव्य कोठार उभं करतात. हॅरिसन फोर्डच्या 'विटनेस' (१९८५) या चित्रपटामुळे ते दृश्य जगभर पोचलं. हे लोक सहसा विमा काढत नाहीत. कुणाचं कोठार जळलं तर सगळी पंचक्रोशी हातोडे घेऊन हजर होते. पण 'एका दिवसात' ऐकून भुलू नये. पाया आधी घातलेला असतो, लाकडं कापून तयार असतात आणि कुणी कुठे चढायचं हे मुख्य सुताराने ठरवलेलं असतं. उभारणी एका दिवसाची, तयारी कितीतरी आधीपासूनची.

जपानमध्येही घराचा सांगाडा बहुधा एका दिवसात उभा राहतो, कारण सांधे आधीच कोरून आणलेले असतात. आढं बसलं की पूजा होते. कित्येक ठिकाणी मालक वर चढून जमलेल्या शेजाऱ्यांवर तांदळाच्या गोळ्यांची, मोचींची, आणि नाण्यांची उधळण करतो. खाली लोक पिशव्या पसरून उभे! याच देशात होर्युजी मंदिराच्या लाकडी इमारती तेराशे वर्षं उभ्या आहेत. आणि याच देशाच्या करखात्याच्या हिशेबात लाकडी घराचं आयुष्य किती? २२ वर्षं.

सकाळी धूर दिसला पाहिजे

वेल्समध्ये एक जुनी समजूत होती. गावाच्या पडीक जमिनीवर एका रात्रीत घर उभं केलं आणि पहाटे धुराड्यातून धूर निघाला, तर जागा तुमची. अंगण किती? दारात उभं राहून कुऱ्हाड फेकायची, ती पडेल तिथपर्यंत. कायद्यात याला काडीचा आधार नव्हता, पण लोक सामान आधीच जमवून ठेवायचे, मित्रांना गोळा करायचे आणि रात्र जागवायचे. मुंबईकरांना ही युक्ती फारशी परकी वाटू नये.

कापाकापी बंद

लंडनचे वास्तुविशारद वॉल्टर सीगल यांना १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःचं घर पाडून नवं बांधायचं होतं. तोवर राहायचं कुठे? त्यांनी बागेतच एक लाकडी खोपटं उभं केलं. दोन आठवडे लागले आणि खर्च आला जेमतेम आठशे पौंडांच्या घरात. नवं घर झालं तरी हे 'तात्पुरतं' खोपटं पुढे कितीतरी वर्षं उभंच राहिलं, आणि लोक नवं घर सोडून तेच बघायला येऊ लागले.

युक्ती सोपी होती. बाजारात बोर्ड ज्या मापाचे मिळतात, त्याच मापाच्या चौकटींवर घर आखायचं. मग कापणं नाही आणि तुकडे वाया जाणं नाही. सांगाडा बोल्टने आवळायचा. गिलावा नाही, विटांचं काम नाही, 'ओलं' कामच नाही. पायाही अख्खा खणायचा नाही, खांबापुरते खड्डे पुरतात. म्हणून उताराची, झाडाझुडपांची, बिल्डरांनी नाकारलेली जमीनही चालते. लंडनमधल्याच लुइशम इथल्या नगरपालिकेकडे अशी जमीन पडून होती आणि घरासाठी ताटकळणाऱ्यांची यादीही होती. यादीतल्या लोकांत चिठ्ठ्या टाकल्या आणि ज्यांनी जन्मात करवत धरली नव्हती अशांनी आपापली घरं बांधली. तिथल्या एका गल्लीचं नाव आजही 'वॉल्टर्स वे' आहे. स्वस्त घरांवर परिसंवाद पुष्कळ झाले असतील, पण बोर्ड न कापण्याच्या या एका नियमाने जेवढं साधलं तेवढं फार थोड्यांनी साधलं.

भूकंपाने घेतलेली परीक्षा

८ ऑक्टोबर २००५ चा काश्मीरचा भूकंप. नियंत्रणरेषेपलीकडे मुझफ्फराबाद भागात सिमेंट-काँक्रीटची कित्येक घरं पत्त्यांसारखी कोसळली. 'धज्जी देवारी' पद्धतीची जुनी घरं मात्र तडे खाऊन उभी राहिली. या घरात लाकडाच्या पट्ट्यांचे लहान लहान चौकोन-त्रिकोण करतात आणि त्यांत दगड अन् माती भरतात. जमीन हलली की भिंत करकरते, माती झडते, दगड एकमेकांवर घासतात आणि धक्क्याचा जोर त्या घासण्यातच खर्ची पडतो. सुरुवातीला सरकारी मदतीच्या यादीत पक्क्या बांधकामाचेच नमुने होते. पण डोंगरातल्या लोकांनी वाट पाहिली नाही. पडक्या घरांतलं लाकूड काढलं, गावचा सुतार बोलावला आणि धज्जी बांधायला घेतली. यंत्रणेने मान्यता दिली ती नंतर. इथे अभियंत्यांनी गावकऱ्यांचं ऐकलं. असं रोज घडत नाही!

ओलं लाकूड, लाल रंग

आपल्याकडचा सुतार लाकूड मुरल्याशिवाय हात लावत नाही. इंग्लंडात ओक वृक्षाचं लाकूड मुद्दाम ओलं असताना वापरतात. ते स्वस्त पडतं आणि छिन्नीलाही मऊ लागतं. वाळलेला ओक लोखंडासारखा असतो. सांगाडा उभा झाल्यावर लाकूड सुकत जातं आणि सांधे आणखी आवळतात. भेगा पडतात, त्यांना कुणी घाबरत नाही.

स्वीडनमधली ती लालचुटूक लाकडी घरं? तो रंग फालुनच्या तांब्याच्या खाणीतल्या टाकाऊ मातीचा. त्यात पाणी, राय नावाच्या धान्याचं पीठ आणि जवसाचं तेल घालून शिजवतात. थोडक्यात, भिंतीला लापशी फासतात. एके काळी हा रंग श्रीमंतांच्या विटांच्या वाड्यांची नक्कल म्हणून लावायचे. खाण १९९२ मध्ये बंद झाली, रंग अजून विकला जातो. जपानी लोकांनी तोही खर्च वाचवला. तीन फळ्या त्रिकोणात बांधून आतून पेटवायच्या. वरचा थर कोळसा झाला की पाऊस आणि कीड दोन्ही लांब राहतात.

वाचवलेले पैसे महागात

न्यूझीलंडने मात्र नको तिथे काटकसर केली. १९९० च्या दशकात औषध न लावलेलं पाइन भिंतींच्या सांगाड्यात वापरायला परवानगी मिळाली. त्याच वेळी फॅशन आली ती बिनवळचणीच्या घरांची. पावसाच्या देशात छपराला वळचणच नाही! कोकणातला कुणीही गवंडी हे ऐकून हसला असता. पाणी भिंतीत शिरलं, लाकूड कुजलं. २००९ च्या एका अंदाजानुसार ४२ हजारांच्या आसपास घरं बाधित होती आणि दुरुस्तीचा आकडा ११.३ अब्ज न्यूझीलंड डॉलरचा होता.

आणि जाता जाता

परदेशात लाकडी घर बांधायला निघालात, तर बजेटमध्ये सुतारांच्या जेवणाचा कॉलम ठेवा. जर्मनीत छपराचा सांगाडा बसला की मालकाने कामगारांना मेजवानी द्यायची असते. सुतार छपरावर हिरवा तुरा किंवा छोटं झाड लावतो, उभ्या उभ्या भाषण ठोकतो, घोट घेतो आणि पेला खाली फेकून फोडतो. मालकाने मेजवानीत हात आखडता घेतला, तर हिरव्या तुऱ्याच्या जागी झाडू ठोकायची जुनी रीत आहे, अगदी येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असा.