बसून गाणे, उभे राहून गाणे

आमच्या पेण-रोह्याकडच्या माणसाला ‘ऑपेरा’ हा शब्द ठाऊक असतो तो मुंबईतला एक पत्ता म्हणून. ‘ऑपेरा हाउसला उतरा आणि कुणालाही विचारा,’ असे गिरगावातले नातेवाईक सांगत. तिथे नेमके काय चालत असे, हे विचारण्याची गरज कुणाला भासली नाही. १९११ साली बादशहा पाचवे जॉर्ज यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या नाट्यगृहात पाश्चात्त्य कंपन्यांचे खेळ झाले, आपल्या बालगंधर्वांचे आणि मास्टर दीनानाथांचे सूर घुमले, मग सिनेमा आला आणि १९९३ मध्ये दारे बंद झाली. २०१६ साली ती पुन्हा उघडली तेव्हा पहिले गाणे झाले ते पॅट्रिशिया रोझारिओ यांचे. मुंबईत जन्मलेल्या या गायिकेने जगभरच्या रंगमंचांवर नाव मिळवले आणि २००९ पासून पती मार्क ट्रूप यांच्यासह भारतातल्या तरुण मुलामुलींना पाश्चात्त्य गायनाची तालीम देण्याचे काम हाती घेतले.

ही बातमी वाचली तेव्हा मनात आले, आपला ऑपेरा म्हणजे संगीत नाटक. मग आपल्या मुलांना त्याची तालीम कोण देणार?

माझे माहेर पेणचे, सासर रोह्याचे. गेली पंचवीस वर्षे रोह्यात घरीच गाण्याचा वर्ग घेते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुले बसतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या चढतात. दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून संख्या वाढलीही आहे. पण दहावी झाली की तानपुरा भिंतीला टेकतो तो टेकतोच. विशारदपर्यंत पोहोचणारी मुले एका हाताच्या बोटांवर मोजावीत!

त्यातलीच एक मुलगी. आवाज मोकळा, सूर पक्का. तिला एकदा ‘सौभद्र’मधला सुभद्रेचा प्रवेश दिला. पद तिला पाठ होते आणि बसून ती ते सुरेख गात असे. म्हटले, आता उभी राहा, आधीची चार वाक्ये बोल आणि मग पद घे. वाक्ये झाली आणि पोर थांबली. षड्ज सापडेना, हात कुठे ठेवावेत कळेना, डोळे जमिनीला खिळले. दोष तिचा नव्हता. उभे राहून गाणे ही निराळी विद्या आहे आणि ती तिला कुणी शिकवलीच नव्हती.

विद्या कसली?

बैठकीत गवयाला वेळ असतो. राग हळूहळू उलगडता येतो, तानपुरा कानाशी असतो. रंगमंचावर बोलता बोलता गाण्यात शिरायचे असते. ऑर्गनवाला सूर देतो, तेवढ्या क्षणात षड्ज धरायचा. चालायचे, वळायचे, समोरच्या पात्राकडे पाहायचे, पण आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा. शब्द चावला जाता कामा नये, कारण त्या शब्दातच नाटकाची गोष्ट असते. ताना घ्याव्यात, पण पुन्हा त्या शब्दावर यावे, नाहीतर रुक्मिणी हरवते आणि गायिका तेवढी उरते.

युरोपातल्या ऑपेराचे गायक आजही बहुधा ध्वनिक्षेपकाशिवाय, भल्या मोठ्या वाद्यवृंदाच्या वरून आवाज पोहोचवतात. त्यासाठी कित्येक वर्षे श्वासाची आणि आवाजाच्या फेकीची मेहनत चालते. आपल्या जुन्या नटांनीही हेच केले. ध्वनिक्षेपक येण्यापूर्वी भरल्या थिएटरात रात्र-रात्र गाणारी ही माणसे कोणत्या तालमीतून गेली असतील?

उत्तर आहे, नाटक कंपनीच्या. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. विष्णुदास भाव्यांच्या खेळात गाण्याचा भार मुख्यतः सूत्रधारावर असे. किर्लोस्करांनी पात्रांच्या तोंडी पदे दिली आणि साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातल्या चाली, कर्नाटकी चाली असा सगळा संसार एकत्र मांडला. कंपनी हेच घर आणि कंपनी हीच शाळा. पोर लहानपणी दाखल होई, मोठ्यांचे ऐके, विंगेत उभे राहून पाही. ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखल्यांसारखा गवई बालगंधर्वांना चाली देत होता! कंपन्या मोडल्या तेव्हा नुसती नाटके गेली नाहीत, ही शाळाही गेली.

दिवा विझला नाही

सगळेच संपले असे मात्र नाही. जयराम आणि जयमाला शिलेदार यांनी १९४९ साली ‘मराठी रंगभूमी’ उभी केली, जुनी नाटके जिवंत ठेवली आणि नवी मुले घडवली. पुढे त्यांची कन्या कीर्ती शिलेदार यांनी २०२२ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत तो वसा सांभाळला. पुण्याचे भरत नाट्य संशोधन मंदिर, रत्नागिरीचे खल्वायन, गोव्याची कला अकादमी यांनी हौशी कलावंतांना मंच दिला. राज्य शासनाची संगीत नाट्य स्पर्धा आहे. १९६७ साली आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’वर २०१५ मध्ये चित्रपट निघाला आणि शाळकरी पोरे घरोघरी ती पदे म्हणू लागली. २०१७ च्या ‘संगीत देवबाभळी’त दोन तरुण मुलींनी प्रत्यक्ष गाऊन प्रयोग रंगवले. म्हणजे ऐकणारे आहेत, गाऊ शकणारेही आहेत. मधला दुवा तेवढा तुटलेला आहे, आणि तो तुटला आहे आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात.

परदेशातल्या ऑपेरा-मंडळांबद्दल वाचताना मला एक गोष्ट फार आवडली. ती आधी श्रोता घडवतात. खेळापूर्वी कथा सांगतात, कोणते गाणे कुठल्या प्रसंगी येते ते समजावतात, मुलांना तालमी पाहायला बोलावतात. आम्ही चार-पाच जणांनी तेच आरंभले. महिन्यातून एका रविवारी घरची ओसरी रिकामी करतो. आधी नाटकाची गोष्ट, मग एकच पद दोन पिढ्यांच्या गळ्यांतून ऐकायचे, मग मुलांनी उभे राहून एक छोटा प्रवेश करायचा. पेणहून काहीजण दिवा-रोहा गाडीने नागोठण्यावरून येतात आणि संध्याकाळी परततात. ऑर्गन नाही, पेटीवर भागवतो. तबलजीला जाण्यायेण्याचे पैसे वर्गणीतून देतो. कधी पाच माणसे, कधी पंचवीस.

आमच्या भागात गळ्यांचा दुष्काळ नाही. गावागावांतली भजनी मंडळे वरच्या पट्टीत रात्रभर गातात. त्यातल्या एका मुलाने परवा नारदाचे पद असे फेकले की पलीकडच्या आळीतली माणसे दारात आली! त्याने कोणतीच परीक्षा दिलेली नाही.

ती थबकलेली मुलगी आता उभी राहून गाते. हात अजून अवघडतात, पण सूर चुकत नाही. पुढच्या वर्षी शिक्षणासाठी ती मुंबईला जाईल. तिथे गाणे टिकेल का, या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. पण ती सुट्टीत घरी येईल तेव्हा रविवारची बैठक चालू असली पाहिजे, एवढे आमच्या हातात आहे.

पेणच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. हमरापूर-जोह्याकडच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तिकार घडतो तो प्रमाणपत्राने नव्हे. पोर आधी माती मळते, मग साचा भरते, मग रंगाला हात लावते, आणि कित्येक वर्षांनी त्याच्या हाती डोळ्यांची आखणी येते. आजूबाजूला मोठी माणसे काम करत असतात, म्हणून ते शिकते. गाण्यालाही असाच कारखाना हवा. वाचकहो, आपल्या गावात एखादी मोकळी ओसरी असेल, कोपऱ्यात धूळ खात पडलेली पेटी असेल, तर आणखी कशाची वाट पाहायची?